पट्टीच्या मागचा आकडा

मित्रांनो, बोटाएवढ्या पोलादी तुकड्याला कसले आले आयुष्य, असे तुम्हांला वाटेल. मी आकडे ठोकण्याचा एक जुना ठसा आहे. माझ्या टोकावर पाचाचा आकडा उलटा कोरलेला आहे. पत्र्यावर तो सुलटा उमटतो. आम्ही सारी भावंडे एका लाकडी पेटीत राहत होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या पाचव्या वर्षी आम्ही जर्मनीत, डॅन्यूब नदीकाठच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात होतो. प्रत्येक विमानाला पत्र्याची एक पट्टी लागे. तिच्यावर विमानाचा प्रकार आणि क्रमांक वाल्बुर्गाबाई हातोडीने ठोकत. पंख जोडायला परदेशातून धरून आणलेली, अर्धपोटी माणसे होती. आमच्या विमानांनी किती घरे उजाड केली, याची नोंद मात्र कारखान्यात कुठेच नव्हती.

दर महिन्याचा आकडा बर्लिनला जाई. त्या महिन्यात नव्या प्रकाराची साठ विमाने हवी होती, झाली एकोणसाठ. मुकादम टीलमान दुरुस्तीला आलेल्या एका विमानाजवळ थांबले.

"बाई, याची जुनी पट्टी काढा, नवा क्रमांक ठोका. साठ भरले."

"साहेब, याच्या पंखाच्या आतला कणा तडकलाय. वरून नुसता रंग फासलाय. जुना क्रमांक असला तर हवाई तळावर पंख उघडून बघतात. नव्याला कोण हात लावतंय?"

"इंजिनिअर कधी झालात तुम्ही?"

"माझा कॉर्बिनियन याच प्रकारचं विमान उडवतो, साहेब. भाऊ आहे माझा."

"माझाही मुलगा आघाडीवरच आहे. आकडा कमी पडला तर उद्या मीही तिथेच. ठोका बाई."

बाईंनी नवा क्रमांक ठोकला. टीलमान वळताच त्यांनी पट्टी उलटी केली आणि मागे जुना क्रमांक ठोकला. हे उघड झाले असते तर त्यांना तुरुंग चुकला नसता. घाईत हातोडी निसटली आणि माझा एक कोपरा उडाला.

विमान आगगाडीवर चढवून न्यायला तळावरचा मेकॅनिक एग्गर आला. बाई हलकेच म्हणाल्या, "पोचलास की पट्टी उलटून बघ."

"मागे काय, प्रेमपत्र?"

"बघ तर खरं. आणि तोंड बंद ठेव."

पुढच्या खेपेला तो हसला नाही. "कणा दोन बोटं फाटला होता, बाई. एकदा वर गेलं असतं तर पंख हातात आला असता. सुट्या भागांसाठी मोडलं ते."

कॉर्बिनियन त्या हिवाळ्यात गेला, दुसऱ्याच विमानात. बाईंनी पत्र वाचले आणि मला बराच वेळ मुठीत धरून ठेवले.

आज मी संग्रहालयाच्या खणात आहे. कोणत्या प्रकाराची किती विमाने झाली, हे अभ्यासक कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मोजतात. त्यांत ते विमान दोनदा मोजले गेले आहे. नव्या क्रमांकाने ते आकाशात एकदाही गेले नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका. पण त्याआधी एक करा. मोठा आकडा समोर आला, की पट्टी उलटून पाहा.