सान इसिद्रोसमोर बोललेलं

आमच्या चॅपेलची किल्ली माझ्याकडे असते. झाडणं, फुलं बदलणं, वटवाघळांची घाण काढणं आणि सान इसिद्रोच्या टोपीवरची धूळ पुसणं ही माझी कामं. सान इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत, म्हणजे आमचा. पण ती लाकडी मूर्ती मात्र सेन्यॉर तेदीच्या घराण्याची. त्याच्या पणजोबानं ती जहाजातून आणली. चॅपेलही त्याचं, चॅपेलखालची जमीन त्याची, आणि नजर पोचेल तिथपर्यंतचा ऊसही त्याचाच. आमचं काय, तर गुडघे. हे मी फादर आर्नेलना एकदा बोलून दाखवलं तर ते हसले. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

फादर आर्नेल वयानं लहान, शहरातून आलेले. पोपची पत्रं त्यांना तोंडपाठ. धरणी देवानं सगळ्यांसाठी केली, राबणाऱ्याच्या घरी चूल पेटलीच पाहिजे, मालक आणि मजूर एकाच बापाची लेकरं, असं ते प्रवचनात सांगायचे.

"हे चर्चचं म्हणणं आहे, नांग सालुद," मी वयानं मोठी म्हणून ताईसारखं नांग लावून ते मला म्हणायचे, "माझ्या मनचं नाही."

"मग चर्चनं ते इतकी वर्षं आमच्यापासून लपवून का ठेवलं, फादर?"

यावर त्यांना राग यायचा नाही. माणूस चांगला होता.

गाळप संपलं की पुढच्या तोडणीपर्यंत आम्हाला काम नसतं. त्या काळाला इथं सगळे मेलेले महिने म्हणतात. त्या वर्षी साखरेचा भाव असा कोसळला की दरवर्षी त्या महिन्यांत वाटला जाणारा तांदूळही सेन्यॉरनं बंद केला. आधी भात गेला, मग पेज आली, मग पेजेचं नुसतं पाणी. पोरांची पोटं पुढे आणि डोळे आत गेले. आणि ओढ्याकाठी एक लांब पट्टी पडीक होती. उतार असल्यामुळे ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून तिथं ऊस नाही. नुसतं गवत. रताळं तिथं फोफावलं असतं. पण सेन्यॉरला वकिलानं सांगून ठेवलं होतं की ज्याचं रताळं त्याची उद्या जमीन. म्हणून पट्टीवर बंदूकवाले रखवालदार बसवले होते. गवताला राखण.

फादरनी ठरवलं की मालक आणि मजूर यांना समोरासमोर बसवायचं. भांडण नाही, मोर्चा नाही, संवाद. सेन्यॉर लगेच तयार झाला. तो काही राक्षस नव्हता. रोज जपमाळ करायचा, अर्ध्या वस्तीच्या पोरांचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता तोच होता. फक्त एवढंच म्हणाला, "गावातल्या हॉलमध्ये नको, फादर. आपल्या चॅपेलमध्ये बसू. घरच्यासारखं वाटेल."

आमच्या बाजूनं बोलायला तियो मेसियोला निवडलं. मेसियो म्हातारा, सगळ्यांचा तियो म्हणजे काका, वस्तीतला सगळ्यात जुना तोडणीवाला. कमी बोलायचा, आणि बोललेलं पाळायचा. मुलगा आणि सून कामाच्या शोधात मनिलाला गेलेली, त्यामुळे नात क्लारिता त्याच्याचजवळ. ही क्लारिता दिवसभर माझ्या मागेमागे चॅपेलमध्ये असायची. सान इसिद्रोच्या लाकडी बैलाला गवत खाऊ घालायची. रोज ते गवत मी झाडायचे आणि रोज ती परत ठेवायची.

बाकं फिरवून गोल केला. फादरनी नियम सांगितला. एकानं आपलं म्हणणं मांडायचं. दुसऱ्यानं लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं, 'मी' म्हणून, आपल्या तोंडानं बोलून दाखवायचं. तो 'हो, हेच' म्हणाला की मग आपली पाळी.

"समोरच्याचे शब्द तोंडात घेतले की त्याचं दुःख कळतं," फादर म्हणाले.

त्यांना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कारण आम्हाला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही. आमच्याकडे संताच्या समोर स्वतःच्या तोंडानं जे उच्चारलं ते पानाआद, म्हणजे शपथ. ते मोडायचं नसतं. रागात बोललो, थट्टेत बोललो, दुसऱ्यानं बोलायला लावलं, असलं काही चालत नाही. संतानं ऐकलं, संपलं. माझ्या आईनं एकदा तापाच्या भरात मासे सोडते म्हणून सांगितलं, आणि समुद्र दिसतो अशा गावात ती मरेपर्यंत मीठ-भात खाऊन राहिली.

मेसियो उभा राहिला. "सेन्यॉर, पोरं उपाशी आहेत. ओढ्याकाठची पट्टी पडून आहे. आम्ही तिथं रताळी लावू. देवाच्या नजरेनं ते बरोबर आहे."

सेन्यॉर उठला. आणि काय सांगू, आमच्यापेक्षा छान बोलला. "पोरं उपाशी आहेत," तो म्हणाला. आवाज कापत होता. "मी त्यांना पेजेचं पाणी पाजून झोपवतो. ओढ्याकाठची पट्टी पडून आहे. तिथं मजुरांनी रताळी लावावीत. देवाच्या नजरेनं ते बरोबर आहे." बायका ओंजळीत तोंड खुपसून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

"हो, हेच," मेसियो म्हणाला.

मग सेन्यॉरनं आपलं सांगितलं आणि मेसियोनं ते सावकाश, एकेक शब्द तोलत, सान इसिद्रोकडे बघून म्हटलं. "ही जमीन माझ्या वाडवडिलांची. मालकाच्या परवानगीशिवाय तिथं कोणी कुदळ लावू नये."

"हो, हेच," सेन्यॉर म्हणाला आणि त्यानं मेसियोला मिठी मारली. त्या दिवशी तो मेसियोला चक्क 'तुम्ही' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुदळी आणि रताळ्याचे वेल घेऊन पट्टीवर गेलो. कोणी गात होतं. रखवालदारांनी बंदुका आडव्या धरल्या. निरोप गेला, सेन्यॉर जीपमधून आला, पाठोपाठ फादर धापा टाकत आले.

"परवानगी? मी कधी दिली?" सेन्यॉर खरोखरच गोंधळलेला दिसत होता. "अहो, तो सराव होता. समजून घेणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. फादर, सांगा की यांना."

फादरनी सांगितलं. खाली बघून सांगितलं, पण सांगितलं. नियम तसाच होता म्हणे.

परत येताना नोंग बेर्तो, म्हणजे बेर्तोदादा, आमच्यातला सगळ्यात तापट, म्हणाला, "बरं झालं. त्याचा सराव, तर आपलाही सराव. रखवालदार दुपारी घोरतात. आज दुपारीच लावू."

"मी लावणार नाही," मेसियो म्हणाला. "तुम्हीही लावणार नाही. तुमच्या वतीनं बोललोय मी."

"तियो, डोकं फिरलंय का? त्यानं तोंडाला पानं पुसली आणि तुम्ही त्याचीच राखण करताय?"

"त्याच्या तोंडाचं तो बघेल. माझ्या तोंडानं मी बोललोय."

फादर त्याच्या झोपडीत जाऊन बसले. ही शपथ नव्हती, देव अशी धरत नाही, मी धर्मगुरू म्हणून सांगतो, सगळं बोलून झालं. मेसियोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही सोडवाल, फादर. पण सान इसिद्रोनं ऐकलंय त्याचं काय करू?"

मला त्याचा संताप आला होता, आजही येतो. तरी त्याला डावलून कुदळ उचलायची छाती आमच्यापैकी कोणाची झाली नाही. बेर्तोचीसुद्धा नाही. आम्ही सगळे त्याच मातीचे. वेल दारात सुकले.

मग गोवर आला. दरवर्षी येतो, पोरं पाच-सहा दिवस तापतात आणि उठून पळायला लागतात. पण अंगात काही असेल तर उठतील ना. क्लारिता उठली नाही. शेवटी ती मेसियोकडे भाजलेलं रताळं मागत होती. दारातून पट्टी दिसत होती, गवत छातीएवढं वाढलेलं. तिच्या धर्मपित्यानं, म्हणजे सेन्यॉरनंच, शवपेटी पाठवली, पांढरी, कडेला लेस लावलेली. आणि तांदळाचं एक पोतंही पाठवलं, मयताला आलेल्यांना जेवू घालायला. त्या रात्री वस्तीत सगळे पोटभर जेवले.

फादरनी पुन्हा बैठक बोलावली. मला वाटलं होतं मेसियो येणार नाही. तो आला, अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. सेन्यॉरच्या दंडावर काळी फीत होती. लाकडी बैलापुढे क्लारितानं ठेवलेलं गवत वाळून गेलं होतं. मी ते झाडलं नव्हतं.

"आज आधी मी," मेसियो म्हणाला. "नियम तोच ना, फादर?"

"तोच."

"जमीन दाराशी पडून होती. आणि मी क्लारिताला उपाशी मरू दिलं." एवढं बोलून तो खाली बसला.

सेन्यॉर उठला, घसा साफ केला. "तियो मेसियो म्हणतात की त्यांची नात..."

"तसं नाही," मेसियो शांतपणे म्हणाला. "'मी' म्हणायचं."

सेन्यॉरनं पुन्हा तोंड उघडलं. "जमीन दाराशी पडून होती," तो म्हणाला. मग त्याची नजर सान इसिद्रोकडे गेली आणि तिथंच अडकली. फादर हळूच म्हणाले, "पुढचं, सेन्यॉर." तो हलला नाही.

"हे मी म्हणणार नाही," अखेर तो म्हणाला.

"का?" मेसियोनं विचारलं. "सराव तर आहे."

सेन्यॉरनं फादरकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, टोपी उचलली आणि बाहेर पडला. जीप सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मग मेसियो कोणाला उद्देशून नाही, असं म्हणाला, "म्हणजे ठाऊक होतं त्याला. इथं बोललेलं खरं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हाही." त्याचा चेहरा बघवत नव्हता. पोर गेली तेव्हाही तो इतका म्हातारा दिसला नव्हता. "म्हणजे परवानगी मिळाली होती," तो म्हणाला. "मी उगाच थांबलो."

तिथून तो सरळ पट्टीवर गेला आणि कुदळ घातली. आम्ही सगळे मागोमाग. इतके जण पाहून रखवालदार मागे सरकले. संध्याकाळपर्यंत अर्धी पट्टी लावून झाली. पहाटे पोलीस आले. परवानगी कोणाची, असं त्यांनी विचारलं तर मेसियो म्हणाला, "सेन्यॉरची. सान इसिद्रोसमोर दिलीय. नाही दिली म्हणत असेल तर तिथं येऊन म्हणू दे." त्याला घेऊन गेले. वेलांवर म्हशी सोडल्या.

त्याच आठवड्यात मोठ्या घरातून चार माणसं ट्रक घेऊन माझ्या दारात आली. मूर्ती रंगवायला न्यायची आहे, किल्ली द्या. मूर्ती मालकाची, मी कोण नाही म्हणणार. त्यांनी सान इसिद्रोला पोत्यांत गुंडाळलं, बैलासकट. कोनाड्यात टोपीच्या आकाराचा एक पांढरा डाग तेवढा राहिला.

मेसियो सुटून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. फादर अजून थकले नव्हते. त्यांनी तिसरी बैठक ठेवली, या वेळी गावातल्या हॉलमध्ये. पंखे, कॉफी, पावाचे तुकडे. शहरातून पाहुणेही आले होते, मालक-मजूर संवाद बघायला. आता 'मी' म्हणायची सक्ती नव्हती. सेन्यॉर पुन्हा पहिल्यासारखा सुंदर बोलला. टाळ्या पडल्या.

मग फादर म्हणाले, "तियो मेसियो, आता तुम्ही."

मेसियो उठला. त्यानं चारही भिंतींवरून नजर फिरवली.

"सान इसिद्रो कुठाय?"

"रंगवायला दिलाय," सेन्यॉर म्हणाला.

"येऊ दे मग," मेसियो म्हणाला, आणि दुखऱ्या हातानं टोपी डोक्यावर ठेवून दाराकडे चालू लागला. "तो आला की बोलू."

त्याला तीन वर्षं झाली. रंग अजून वाळलेला नाही.