माझे तोतये

मी एक जुना प्रिंटर आहे. अंगाचा पांढरा रंग पिवळट झाला आहे आणि कागद ओढताना मी थोडा कण्हतो, हे मान्य. पण कागद अडकवत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत माझ्यावर बरेच आळ येणार आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलाशी बसलेल्या तपासनीस बाईंनी माझ्यातून एक पान काढले, उजेडात धरले आणि त्या "छान" म्हणाल्या. तेवढ्या एका शब्दावर मी खोक्यातला सगळा प्रवास हसतखेळत केला.

मी आलो ते कपडे शिवणाऱ्या एका आईच्या घरी. ती संगणकावर बाही, गळा, पाठ असे भाग आखते आणि मी ते खऱ्या मापात कागदावर छापतो. मोठा भाग एका पानावर मावत नाही. मग ती पाने जमिनीवर पसरून चिकटपट्टीने जोडते, कापडावर ठेवते आणि कात्री चालवते. या घरातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांच्या अंगावर जे काही नीट बसले आहे, ते आधी माझ्यातून गेले आहे. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आता त्या आठवड्याची गोष्ट. घरातले आजोबा हौशी नाटकात काम करतात. आजवर ते भाला घेऊन दाराशी उभे राहत आले होते. यंदा मात्र त्यांना राजाचे काम मिळाले! पण भाड्याने आणलेला झगा काही केल्या त्यांच्या पोटावर मिटेना. आई म्हणाली, "राहू द्या, मी शिवते." मखमल आली. ती अगदी बेताची होती, त्यामुळे कापताना चुकण्याची सोय नव्हती. आणि रविवारी प्रयोग होता.

नेमका छपाईच्या दिवशी सकाळी आमचा संगणक अपडेट होऊन आपला आपण नवा बनून बसला. त्याने मला पाहिले आणि पडद्यावर जाहीर केले, 'नवीन उपकरण सापडले.' नवीन? मी? इतकी वर्षे एका टेबलावर काढली आम्ही! तुम्हाला ठाऊक असेल, संगणकाचे बोलणे मला समजावून सांगायला एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाने कोणालाही न विचारता भलत्याच प्रिंटरचा दुभाष्या आणून माझ्यापुढे बसवला. आईने छपाईचे बटण दाबले आणि माझ्या तोंडून एकेका पानावर एकेक ओळ अशी अगम्य चिन्हे बाहेर पडू लागली.

आजोबांनी एक पान उचलून पाहिले. "हे माझं फर्मान आहे का गं?"

या घराची एक रीत आहे. काहीही बंद पडले, की त्याची वायर काढून दुसऱ्या भोकात घालायची. टीव्ही, मिक्सर, फोन, सगळ्यांवर हाच उपाय. बाबांनी माझी वायर काढून शेजारच्या भोकात घातली. संगणकाला वाटले, आणखी एक प्रिंटर आला. त्याने त्याचे नाव ठेवले 'प्रत १'. कॉलेजातून आलेल्या ताईने तिसरे भोक शोधले. आजोबाही मागे राहिले नाहीत. बघता बघता पडद्यावर माझ्या नावाचे कितीतरी तोतये झाले, आणि संगणक आईचे पान पाठवत होता ते रिकाम्या भोकावर बसलेल्या तोतयाला! वर म्हणत होता, 'प्रिंटर बंद आहे.' मी हिरवा दिवा लावून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, मित्रांनो. असा राग आला म्हणून सांगू!

"म्हातारा झालाय तो," बाबा म्हणाले. "भंगारात देऊ आणि नवा आणू."

"म्हातारा म्हणून कोणाला काढताय?" आजोबा आतून गरजले. आवाज अगदी राजाचा होता.

मग बाबांनी संगणकातल्या दुभाष्यांच्या यादीतून माझ्याशी मिळत्याजुळत्या नावाचा एक दुभाष्या निवडला, आणि काय सांगू, मी चक्क छापू लागलो! टाळ्या पडल्या. आईने मात्र टेप काढली. पानाच्या कोपऱ्यात ती नेहमी पाच सेंटिमीटरचा एक चौकोन आखते. तो मोजून तिने मान हलवली.

"टेपवरची एक रेघ कमी भरतोय."

"एका रेघेनं काय होतंय?" बाबा म्हणाले.

"अहो, एवढ्याशा चौकोनात एक रेघ. आजोबांच्या पोटाच्या घेरात असे किती चौकोन बसतील, करा हिशोब."

आजोबांनी गुपचूप पोट आत ओढून घेतले.

आई खुर्चीवर बसली आणि पडद्यावरची यादी बघत राहिली. "ठिगळावर ठिगळ लावलंय नुसतं," ती म्हणाली. "आधी सगळं उसवायचं. कोणीही कशालाही हात लावू नका."

तिने माझी वायर काढली. एकेक तोतया पुसला. ताईने त्यांचे दुभाषेही काढून टाकले आणि संगणकाची आपणहून ड्रायव्हर आणायची सवय बंद केली. मग ताईने माझ्या पाठीमागे वाकून तिथल्या चिठ्ठीवरचे माझे पूर्ण नाव मोठ्याने वाचले, शेवटच्या आकड्यासकट. किती वर्षांनी कोणी मला माझे नाव विचारले! मला फार बरे वाटले. त्याच नावाने तिने माझ्या कंपनीच्या साइटवरून माझा खरा दुभाष्या शोधून आणला.

पडद्यावर सूचना आली, 'सांगेपर्यंत वायर जोडू नका.' आईने वायरचे टोक बाबांच्याच हातात दिले.

"जोडू?"

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हटलं ना!"

बाबांचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी आई म्हणाली, "हं, आता." वायर बसली. यादीत मी आलो, एकटा, माझ्या पूर्ण नावानिशी. पहिले पान निघाले, आईने चौकोन मोजला आणि ती खुदकन हसली. "बरोब्बर!" मग मी कॉलर छापली, बाह्या छापल्या, पाठ छापली आणि राजाचे ते भलेमोठे पोट छापताना आनंदाने कण्हलो.

नाटक मी पाहिले नाही. पण रविवारी आजोबा झगा अंगावर घेऊनच घरी आले, थेट माझ्यापुढे उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"अहो, वाकू नका! शिवण उसवेल!" बाबा ओरडले.

"काही उसवत नाही," आई म्हणाली. आजोबा आणखी खाली वाकले. खरेच काही उसवले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र अडले, तर घाईने त्याची वायर उपटू नका. आधी त्याचे पूर्ण नाव विचारा, त्याला काय हवे ते बघा आणि थोडा दम धरा. आणि ते पुन्हा चालू लागले, की त्याला "छान" म्हणा. त्यासाठी राजाच यायला हवा असे काही नाही.