पाणी न घालण्याचे दिवस

"पाणी किती घालता?" नर्सरीवालीने विचारलं.

"सकाळी एक बादली, संध्याकाळी एक," बाबा ताठ मानेने म्हणाले. "सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही."

नर्सरीवालीने कपाळाला हात लावला. "अहो काका, चाफा लावलाय की भात?"

मला हसू आवरेना. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्याकडे असं पाहिलं, की मी पटकन शेजारच्या जास्वंदीची पानं मोजायला लागले.

त्यांचा तरी काय दोष? एकतीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडायचं काम केलं. अर्ध्या वस्तीच्या नळाला पाणी आलं ते यांच्या मनगटामुळे. द्यायचं कसं ते ठाऊक. थांबायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही.

चाफा सासूबाईंचा. त्या शाळेत शिपाई होत्या. मधल्या सुट्टीत ज्या चाफ्याखाली बसून डबा खायच्या, त्याची फांदी निवृत्तीच्या दिवशी घेऊन आल्या आणि गच्चीवर पिंपात लावली. पानं आली हातभर लांब, फूल मात्र एक नाही. आता गुडघ्यांमुळे आईंना जिना चढवत नाही. रोज खालूनच विचारतात, "काय म्हणतोय माझा चाफा?" आणि बाबा रोज सांगतात, "येईल, येईल."

नर्सरीवालीने बजावलं, पिंपाच्या बुडाला भोकं पाडा, मातीत वाळू मिसळा, खताचा मारा थांबवा, दिवसभर ऊन लागू द्या. "आणि थंडीत पानं गळली की पाणी बंद. नवा कोंब दिसेपर्यंत थेंबही नाही. फांद्यांतच पाणी साठवलेलं असतं त्याने. टाकीच म्हणा ना!"

"टाकी?" बाबांचा चेहरा उजळला. मग मात्र त्यांनी निमूटपणे सगळं ऐकलं.

थंडीत पानं गळली. पिंपात उरली नुसती राखाडी, बोटांसारखी खोडं. बाबा रोज वर जाऊन फांदी दाबून बघायचे आणि पडल्या चेहऱ्याने खाली यायचे.

"सुरकुतलाय गं. एक तांब्या घालू?"

"नाही."

"अर्धा?"

"बाबा!"

आतून आईंचा आवाज आला, "मला कधी पेलाभर पाणी हातात दिलं नाही, आणि त्या लाकडासाठी जीव तुटतोय!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा तासातासाने आईंपुढे पेला घेऊन हजर. हाताला काहीतरी काम हवंच होतं. चौथ्या दिवशी आईंनी हात जोडले. "आता माझ्याही बुडाला भोकं पाडा!"

एका सकाळी मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर बाबा पिंपापुढे उभे, हातात भरलेला तांब्या. मी दारातच थांबले. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला.

उन्हं तापायला लागली आणि एका उघड्या फांदीच्या टोकाला कळ्यांचा झुबका आला. आधी बाबांना वाटलं, कीड लागली.

आईंना फूल खाली आणून देऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "मी येणार. झाडावर बघायचंय." सतरा पायऱ्या त्या बसून चढल्या, पाठमोऱ्या, एकेक पायरी मागे सरकत. कुणी हात पुढे केला की डोळे वटारायच्या.

वर पोहोचल्या तेव्हा पाच कळ्यांतली एकच उमलली होती. पांढरी, आत पिवळी. कठड्याला टेकून त्या नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी तळहात पुढे केला.

बाबांनी फूल खुडलं, पण दिलं नाही. देठातून चिकाचा पांढरा थेंब आला होता. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला. दुसरा आला. तोही पुसला.

"आग होते याने हाताची," एवढंच म्हणाले.

आईंचा तळहात तसाच पुढे होता. तिसरा थेंब यायची दोघं वाट बघत होती.