मगरीचा पाव

बाबांच्या बेकरीत भट्टीतून ट्रे बाहेर आला की एखाद-दुसरा पाव बसका निघायचाच. तो विकायचा नाही, तो मुलांचा. ताई आपली फुंकर मारत, कुरतडत खायची. धाकटा मात्र आ वासायचा आणि अख्खा पाव एका घासात गडप! गाल टम्म, डोळ्यांत पाणी, तरी ऐट कायम. बाबा ओरडायचे, "मगर आली रे, ट्रे झाका!" तेव्हापासून तो सगळ्यांसाठी मगरच.

लग्न होऊन ताई दूर गेली, बाबा थकले, भट्टी धाकट्याच्या हातात आली. ताईने मात्र ती जुनी बेकरी गोष्टींमधून जपून ठेवली होती. लेकीला, चिमणीला, झोपवताना तेच ते: पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, तापल्या पत्र्याचा वास आणि मगरमामा. म्हणून तर सुट्टीला आल्या आल्या चिमणीने एक बसका पाव हुडकला न् मामापुढे धरला.

"मामा, मगर कर!"

"मगर म्हातारी झाली गं आता," तो हसला. तेविसाव्या वर्षी! पाव मोडून त्याने एक तुकडा ओठांतून आत सरकवला.

"असं नाही! मोठ्ठा आ करून!"

"थांब, भट्टी बघू दे, जळेल सगळं."

भट्टी नुकतीच रिकामी झाली होती. ताईने हातातलं काम सोडून त्याच्याकडे पाहिलं. लेक नुसती शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी ती. तिच्या नजरेतून हे थोडंच सुटणार? आल्यापासून बघत होती, चहा गार करून पितोय, तिखटाला हात लावत नाही. पिठाच्या पोत्यामागे खोचलेली सुपारी-तंबाखूची पुडीही तिला दिसली होती. कामगारांची असेल, अशी स्वतःचीच समजूत घातली होती.

चिमणी बाहेर पळाली तशी ताई म्हणाली, "तीन बोटं जोडून उभी धर. घाल तोंडात. बघू किती उघडतं."

"तू डॉक्टरीण कधी झालीस?"

"घाल म्हणते ना!"

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याने जोर केला तसं डोळ्यांत पाणी आलं. ऐट तेवढी नव्हती.

"पहाटे पीठ मळताना झोप यायची गं. सगळीच पोरं पुडी खातात. दोन वर्षं तर झालीत." मग अगदी हळू, "ताई, कॅन्सर नसेल ना?"

तिला खूप बोलायचं होतं. पण समोर तो गाल फुगवलेला पोरगाच दिसायला लागला. "चप्पल घाल," एवढंच म्हणाली.

दातांच्या डॉक्टरांनी गाल आतून चाचपले. "आत्ता तरी गाठ किंवा जखम दिसत नाही. पण गाल पांढरे, कडक पडलेत. पुडी सुटली नाही तर पुढची वाट कॅन्सरकडेच जाते. आजपासून बंद केलीत, तोंडाचा व्यायाम केलात, तर तोंड आत्ता उघडतं तेवढं तरी उघडत राहील, थोडं वाढेलही. पहिल्यासारखं होईल असं मात्र सांगत नाही."

घरी आल्यावर त्याने पोत्यामागची पुडी काढून कचऱ्यात टाकली. मग आणखी दोन जागांहून दोन. त्या ताईला माहीतही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी ट्रेपाशी थबकली. मोठ्या पावांच्या कडेला अंगठ्याएवढे पाव भाजलेले. मामाने एक उचलला, जेमतेम उघडलेल्या तोंडात अख्खा टाकला न् गाल टम्म फुगवले.

"आई, मगरीचं पिल्लू!"

आतल्या खोलीतून बाबांचा थकलेला आवाज आला, "ट्रे झाका रे!"

ताई हसली. हसता हसता तिने पोत्यामागे एकदा वाकून पाहिलंच. तिथे नुसतं पीठ सांडलेलं होतं.