लाल टाका

धुलाईघराच्या मागल्या खोलीत पाऊल ठेवताच परिचारिकाबाई थबकल्या. दोरीच्या टोकाला मोजकेच कपडे इतरांपासून हातभर अंतर राखून वाळत होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका होता. आजाऱ्याच्या कपड्यांवर लाल टाका घालून ते निराळे उकळायचे, ही त्या घराची तीन पिढ्यांची शिस्त.

"सुनेचे आहेत," सासू म्हणाली. "उपदंश निघाला, हे तिनेच सांगितलं मला. रोज दोनदा उकळते. ताटवाटीही वेगळी केली. पोटातल्या जिवाला काही होऊ नये, बाई."

पाच महिन्यांची गर्भवती सून खाली मान घालून इस्त्री करीत होती. तिचे उपचार सुरू झाले होते. नवरा मात्र दवाखान्याकडे फिरकला नव्हता. तो तसाच राहिला तर तिला पुन्हा लागण होईल आणि ती बाळापर्यंत पोचेल, हीच बाईंची चिंता होती.

"आजी, तुमच्या कष्टांना हात जोडते. पण हा रोग कपड्यांतून, ताटातून लागत नाही. तो शरीरसंबंधातून जातो आणि आईकडून गर्भाला."

"मला कुठे काय झालंय!" गठ्ठा बांधणारा सुनेचा नवरा उसळला. "लग्नाआधी एक फोड आला होता, तोही दुखला नाही. आपोआप गेला."

"फोड गेला. रोग आत दबा धरून बसला असेल. रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही."

इस्त्री थांबली. सासूने मुलाकडे पाहिले, मग दोरीकडे. उठून तिने कात्री घेतली आणि सुनेच्या कपड्यांचा एकेक लाल टाका उसवू लागली.

"म्हणजे धुतलेला कपडा मी रोज मळक्या गठ्ठ्यात परत टाकत होते तर!"

बाईंनी तीस वर्षे तक्ते दाखवून जे सांगितले, ते या निरक्षर स्त्रीने एका वाक्यात बांधले होते.

"चल, चप्पल घाल," सासू मुलाला म्हणाली.

"संध्याकाळी जातो ना, आई."

"इस्त्री तापलेली असताना संध्याकाळची वाट बघतोस का कधी? आणि बाईंनी दोघांना मोकळं करेपर्यंत तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत."

सुनेच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू उमटले.

चार महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, तेव्हा बाळाची तपासणी निर्दोष आली होती. इवलीशी अंगडी साऱ्या घराच्या कपड्यांमध्ये वाळत होती. बाईंनी दोरीखालून जाताना मस्तक लववले, गरजेपेक्षा थोडे अधिकच.