लोणी मुरलेला ट्रे

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाचे कप मिरवणारा फुलाफुलांचा ट्रे डोळ्यांसमोर आणू नका बरं! मी बेकरीच्या भट्टीतला, जाड पत्र्याचा, काळाकुट्ट ट्रे. एका कारागिराने मला कापलं, ठोकून ठोकून माझ्या कडा वळवल्या आणि एका तरुण बेकरीवाल्याच्या हाती दिलं. तो बेकरीवाला आता आजोबा झाला आहे. मीही काही कोवळा राहिलेलो नाही.

कामाची ती वर्षं काय सांगू! रोज माझ्यावरून लोण्याचा हात फिरायचा, बिस्किटांच्या रांगा लागायच्या आणि मी भट्टीत शिरायचो. बाहेर आलो की गल्लीभर वास सुटायचा. आमच्या बेकरीचा एक पक्का नियम होता. ट्रेला पाणी दाखवायचं नाही, साबण तर मुळीच नाही. गरम आहे तोवर कोरड्या फडक्याने पुसायचा, झालं. असं वर्षानुवर्षं लोणी मुरलं की बिस्किट चिकटत नाही, नुसतं हलवलं तरी सुटून येतं. नवा कारागीर आला की मालक मला उचलून म्हणायचे, "बघ, ट्रे असा पाहिजे!" मग मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

पुढे बेकरी बंद झाली. बाकीचे ट्रे भंगारात गेले, मला मात्र मालकांनी, म्हणजे आताच्या आजोबांनी, घरी आणलं.

घरी त्यांची लेक होती. ती दवाखान्यात नर्स. आणि लेकीची सहा वर्षांची मुलगी. गोड कुठे ठेवलंय ते तिला न सांगता कळायचं, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. पण बिचारीच्या वाट्याला गोड येणार कुठून? दूध, लोणी, अंडं, यातलं काहीही पोटात गेलं की तिचे ओठ सुजत, अंगावर गांधी उठत. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला ती आपला केळ्याचा डबा घेऊन जायची. अख्ख्या गल्लीला बिस्किटं खाऊ घालणाऱ्या माणसाच्या नातीने त्यांच्या हातचं एक बिस्किट चाखलं नव्हतं. आजोबांना ते फार लागायचं.

एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, लोणी-अंड्याशिवायही बिस्किटं होतात. साखरसुद्धा नको, खजूर घालायचा."

"लोण्याशिवाय बिस्किट? उद्या म्हणशील, पाण्याशिवाय आंघोळ करा!"

म्हणाले खरे, पण दुसऱ्याच दिवशी कमरेला फडकं बांधून उभे राहिले. ओट्स भाजून दळले, खजूर भिजवून वाटला, पिकलेलं केळं कुस्करलं, वर तीळ, थोडं तेल, चिमूटभर मीठ. पहिली खेप अशी कडक झाली की आजोबांची कवळीच हलली. दुसरी त्यांना चमच्याने खावी लागली. तिसरी मात्र कडेने खुसखुशीत, आतून मऊ, आणि माझ्यावरून कशी अलगद सुटली म्हणता! मुंगीने आजोबांच्या हातून एक खाल्लं, लगेच दुसरं घेतलं.

"आजोबा, इतके दिवस कुठे लपवलं होतंत हे?"

आजोबांना हसू आवरेना. आणि बघता बघता तिचे ओठ सुजायला लागले.

लेकीने औषध दिलं, तिला उचललं आणि तशीच दवाखान्यात धावली. दुपारपर्यंत मुंगीला बरं वाटलं. घरी आल्यावर लेकीने एकेक पाकीट उलटंपालटं करून वाचलं. कशातच दूध नव्हतं. मग तिची नजर माझ्यावर आली. तिने माझ्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"बाबा, हा ट्रे कधी धुतला होता?"

"धुवायचा कशाला? धुतला की बिस्किटं..." आजोबांच्या एकदम लक्षात आलं. त्यांनी मला ओट्यावरून उचलून खाली ठेवलं.

मित्रांनो, धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या लोण्याचा मी एवढा तोरा मिरवला, तेच माझ्यातून सुटून त्या पोरीच्या पोटात गेलं होतं.

आजोबांनी मला मागच्या अंगणात कुंड्यांखाली ठेवलं. तेवढ्याने भागलं असतं तर काय हवं होतं! पण मुंगी आता आजोबांच्या हातचं काहीच खाईना. सोललेलं केळंसुद्धा तिला आईकडूनच हवं. आजोबांनी एकदाही आग्रह केला नाही. त्यांनी नवा ट्रे आणला, नवं भांडं, नवा चमचा आणला आणि सगळं कोरं तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुझं. तूच उघड, तूच धू, तूच मळ. मी लांबून सांगेन. मन होईल तेव्हा ये."

तीन दिवस ती फिरकली नाही. चौथ्या दिवशी आली. अंगणातून मला स्वयंपाकघराची खिडकी दिसते. तो चकचकीत नवा ट्रे ओव्हनमध्ये शिरताना पाहून मला हेवा वाटला, हेही कबूल करतो. बिस्किटं गार झाली. मुंगीने आधी आजोबांचे हात निरखून पाहिले.

"आजोबा, हात धुतलेत?"

"तीनदा."

"साबणाने?"

"साबणाने, बाळा."

तिने हाताचा तळवा पुढे केला. "मग तुम्हीच द्या."

आजोबांनी एका बिस्किटाचे दोन तुकडे करून तिच्या तळव्यावर ठेवले. तिने दोन्ही खाल्ले. लेक घड्याळाकडे बघत उभी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. काही झालं नाही. आजोबांनी बाहीने डोळे पुसले.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून कीव करून मला पुन्हा ओव्हनमध्ये ठेवू नका. मी इथेच बरा आहे. आणि कुणाला काही खाऊ घालण्याआधी, त्याला काय चालत नाही ते विचारा. तो जे सांगेल ते खरं माना, आणि आपली भांडीही एकदा नीट बघा. आत मुंगी आणखी एक बिस्किट मागते आहे, आजोबांकडेच. मला इथवर ऐकू येतंय.