बायकांच्या दारावरचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, संशय हा माझा धर्मच. ओळखीची किल्ली फिरल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही.

माझा जन्म तमिळनाडूतल्या दिंडिगलचा, कुलपांसाठी प्रसिद्ध गावचा. तिथल्या कारागिराने कानस मारून माझी एकेक पट्टी जुळवली. "याला कुणी फसवणार नाही," असं म्हणून त्याने मला पुसलं, तेव्हा मी केवढं फुललं होतं!

चेन्नईत अड्यारच्या एका सरकारी कचेरीत आधी मी तिजोरीच्या खोलीवर होतं. पुढे मला बायकांच्या स्वच्छतागृहावर लावलं. किल्ली हेडक्लार्क उपेंद्ररावांच्या खणात. कुणी मागितली की ते सगळ्यांसमोर विचारायचे, "आत्ताच तर कॉफी झाली ना? लगेच?" पुरुष हसायचे. हळूहळू बायकांनी किल्ली मागणंच सोडलं.

त्यांतली रंजनी लांबच्या तांबरम उपनगरातून यायची. दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. विचारलं तर म्हणायची, "व्रत आहे." उपेंद्रराव कौतुक करायचे, "केवढी भक्ती!" मला शंका यायची. एकादशी मला ठाऊक आहे. पण रोज, तेही कचेरीच्या वेळेपुरतं? एकदा माझ्यासमोरच ती सोबतच्या विद्युलताला म्हणाली, "अक्का, पुन्हा लघवीची जळजळ. डॉक्टर म्हणतात, पाणी पी, नाहीतर मूत्रपिंड जाईल. नोकरीच सोडते बघ."

आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी आली. शिपायाने संगणकांना, कपाटांना चंदन-कुंकू लावलं. मलाही किल्लीच्या भोकावर बोटभर चंदन मिळालं. वर्षातून एकदाचा मान; मी सुखावलं.

महिनाभराने संयुक्ताबाई आल्या. कचेरीत बायकांना पुरुषांसारखीच सोय आहे का, हे पाहणं त्यांचं काम. मी मनात म्हटलं, याही दारावरची पाटी वाचतील, 'सोय आहे' लिहितील आणि जातील. आधीचे तसेच गेले होते.

"रोज उघडतो, मॅडम," उपेंद्रराव म्हणाले.

"बरं झालं. मला जायचंच आहे. उघडा."

किल्ली आत शिरेना. भोकातलं चंदन वाळून दगड झालं होतं. उपेंद्रराव टाचणीने टोकरू लागले.

"आयुधपूजेचं ना हे? म्हणजे महिनाभर उघडलंच नाही?" बाईंनी हळूच विचारलं.

या वेळी कुणी हसलं नाही. रंजनी पुढे झाली. "मॅडम, माझं व्रत-बित काही नाही. किल्ली मागायची लाज वाटते."

बाईंनी भोक साफ करवून मला त्याच दिवशी काढायला लावलं. दाराला आतून कडी बसली. रंजनीच्या टेबलावर आता पाण्याची बाटली असते. मी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीच्या दारावर आहे. उपेंद्रराव जाता-येता माझ्याकडे बघतात. त्या नजरेचा मला अजून भरवसा नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, गंजू देऊ नका. पण व्रत ज्याचं त्याने मनाने धरायचं असतं, कुलूप लावून ते दुसऱ्याकडून करवून घेऊ नये. तुमच्या शाळेत मुलींच्या दारावर माझा एखादा भाऊ दिसला, तर 'रोज उघडतो' एवढ्यावर जाऊ नका. किल्ली मागा आणि फिरवून बघा.